बगळे उडाले की नाव पास

बावतीस सरांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा शाळा अजून दिसतही नव्हती. नोकरीचा पहिला दिवस. नालासोपाऱ्याहून रिक्षानं निघालो होतो. वाटेत दोन्ही बाजूंना केळीच्या वाड्या लागल्या, आणि अचानक रिक्षावाल्यानं रिक्षा कडेला घेऊन इंजिन बंद केलं. कुठूनतरी आकाशवाणी व्हावी तसे शब्द येत होते. "महेऽऽश दत्ताराऽऽम किणीऽऽ." मला वाटलं, मिरवणूक असेल, मोठे कर्णे लावले असतील. रिक्षावाला म्हणाला, "कायनाय, पीटीचे सर हजेरी घेतायत. संपू दे. या आवाजात मला हॉर्न वाजवला तरी ऐकू येत नाही."

शाळेत पोचल्यावर मी त्या आवाजाचा मालक शोधू लागलो. सहा फुटी, कल्लेदार, कुस्तीगीर असा कुणीतरी डोळ्यांसमोर होता. मैदानावर उभा होता एक चिमणीएवढा माणूस. पांढरी हाफ पँट, खडूनं पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट, आणि उंची इतकी बेताची की व्हॉलीबॉलच्या जाळ्याखालून मान न वाकवता पलीकडे जायचे. एवढ्याशा देहात एवढा आवाज देवानं कसा दुमडून बसवला असेल, याचं मला शेवटपर्यंत कोडं राहिलं.

बावतीस सर म्हणजे बावतीस लोपीस. गासच्या बाजूला त्यांची वाडी. केळी, पानवेली, दोन-चार चिकू, आणि मधोमध बावखल, म्हणजे आमच्या वसईकडचं वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. बावखलाच्या काठी एक जुनं जांभळाचं झाड आणि त्यावर बगळ्यांची वस्ती. सर सकाळी अंगणातून पहिली हाक मारायचे तेव्हा ते सगळे बगळे एकदम उडायचे आणि उगाच घाबरलो अशा चेहऱ्यानं पुन्हा बसायचे. चर्चच्या गायनमंडळात सरांना जागा होती, पण ती बाहेर, पटांगणातल्या क्रुसाजवळ. आत उभे राहिले तर मेणबत्त्या विझतात, असं फादर म्हणायचे. अर्नाळ्याचे कोळी तर शपथेवर सांगतात की सरांनी आमच्या शाळेत 'मागे फिर' म्हटलं की समुद्रात होड्या वळायच्या. मी स्वतः पाहिलेलं नाही. पण कोळी खोटं बोलत नाहीत, मासा किती मोठा होता एवढं सोडून.

सरांच्या गळ्यात शिट्टी नव्हती. अख्ख्या जिल्ह्यात शिट्टी नसलेला हा एकच पीटी शिक्षक. मी विचारलं तर म्हणाले, "शिट्टी कुत्र्याला वाजवतात. माणसाला नाव असतं." आणि नाव म्हणजे पूर्ण नाव. स्वतःचं, बापाचं, आडनावासकट. मलाही ते स्टाफरूममध्ये, जेवणाच्या डब्यावर, अगदी मुतारीच्या दारातसुद्धा "अनंत शिवराम साटम" म्हणूनच हाक मारत. घरी बायको मर्सीबाय आणि मुलगी ग्लोरिया त्यांना 'सर' म्हणत. गाव 'सर' म्हणे. चर्चमधले फादर त्यांचेच विद्यार्थी, तेही पापनिवेदनाच्या वेळी "बोला सर" म्हणायचे.

हाकेला उत्तर द्यायची रीतही ठरलेली होती. टाचा जुळवायच्या, उजवा हात सरळ वर, कोपर कानाला टेकलेलं, आणि म्हणायचं, "हजर, सर." कोपर कानापासून सुटलं तर सर पुन्हा हाक मारत. आणि एक गोष्ट सरांनी उभ्या आयुष्यात कधी केली नाही. ते कुणाकडे चालत गेले नाहीत. ते नाव पाठवत. माणूस येई.

टोपणनावांचा त्यांना मनापासून राग. सातवीत एक पोरगा होता, त्याला आई-बापापासून दूधवाल्यापर्यंत सगळे 'पिल्लू' म्हणत. वजन पाहता ते पिल्लू हत्तीचंच म्हणावं लागलं असतं. सरांनी पहिल्या दिवशी हाक मारली, "पुरुषोत्तम रघुनाथ वझे." पोरगं जागचं हललं नाही. उलट बाकीच्यांबरोबर तेही वळून बघू लागलं की एवढा मोठा कोण माणूस शाळेत आला. सरांनी दुसऱ्यांदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा पिल्लूनं हळूच स्वतःच्या छातीवर हात ठेवून विचारलं, "मी?" सर म्हणाले, "तूच. ये." ते पोरगं मैदान ओलांडून आलं तेव्हा, देवाशपथ सांगतो, वीतभर उंच होऊन आलं. आज तो विरारला वकिली करतो. दारावर पूर्ण नावाची पाटी आहे, आणि ती शेजारच्या गाळ्यावर गेली म्हणून शेजाऱ्याशी त्याचा वादही चालू आहे.

अशा माणसाकडे लोक बाळाचं नाव विचारायला येणार नाहीत तर काय. पण सर नाव सुचवत नसत, तपासत. आमच्या मुलाच्या वेळी मी मराठीचा शिक्षक, वेदांतून शोधून 'ऋत्विज' असं नाव काढलं होतं. बायको खूष होती. आचोळ्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते कुणाला म्हणता येत नव्हतं, म्हणून तर ती जास्तच खूष होती. सरांनी मला वाडीवर नेलं, बावखलाच्या अलीकडे उभं केलं, स्वतः पलीकडे गेले आणि कानामागे हात धरून म्हणाले, मार हाक. मी मारली. बगळ्यांनी पंखसुद्धा हलवला नाही. एकानं तर झोपेत पाय बदलला.

"अनंत शिवराम साटम," पलीकडून आवाज आला, "ऋ वर तू घसरतोस, त्वि वर ठेचकाळतोस, आणि ज येईपर्यंत पोरगं रस्ता ओलांडून टेम्पोखाली. नापास."

मुलाचं नाव रोहन ठेवलं. बायको माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. सरांशी बोलली, कारण सरांशी न बोलणं कुणाला परवडत नसे. सरांचा सिद्धांत असा की नावाच्या शेवटी आ पाहिजे, निदान पोटात तरी कुठेतरी आ किंवा ओ पाहिजे. तोंड उघडल्याशिवाय आवाज लांब जात नाही. ई म्हणजे सुतळी, ती अर्ध्या वाटेत तुटते. आणि बगळे उडाले की नाव पास.

ग्लोरियानं लग्न ठरवलं ते विरारच्या एका गुजराती मुलाशी, चिंतनशी. मूळचे वलसाडचे. आता घरात काय वादळ होतं म्हणून आम्ही स्टाफरूममध्ये कान टवकारून बसलो होतो. धर्म वेगळा, भाषा वेगळी, त्यात तो वांगंसुद्धा बियांकडे संशयानं बघून खाणारा, आणि ही पोरगी सुक्या बोंबलाच्या वासावर वाढलेली. सरांचा आक्षेप मात्र भलताच निघाला. म्हणाले, "मुलगा चांगला आहे. पण चिंतन? हाक मारली की वाटतं, येईल की नाही याचा विचार करत बसेल." मग त्यांनी जावयाला जेवायला बोलावलं, वाडीच्या टोकाला केळीत उभं केलं आणि अंगणातून हाक मारली. पोरगा चप्पल चिखलात सोडून धावत आला. लग्न झालं.

चिंतनची आई तो लहान असतानाच गेलेली. त्याला वाढवलं थोरल्या बहिणीनं, हंसाबेननं. लग्नाच्या बोलणीला त्या वलसाडहून आल्या, आणि आम्हाला कळलं की देव विनोदी आहे. हंसाबेन कुजबुजत. म्हणजे घसा खराब वगैरे नव्हे, बोलणंच तेवढं. मोगऱ्याची कळी उमलताना आवाज होत असेल तर तेवढा. रागावल्या तरी समोरच्याला पुढे वाकून विचारावं लागे, मला काय बोललात? सर "या या, हंसाबेन" म्हणाले की त्या वाऱ्यानं झाड झुकावं तशा मागे झुकत. त्या "केम छो वेवाई" म्हणाल्या की सर पुढे झुकत. लांबून बघणाऱ्याला वाटावं, दोघं मिळून करवतीनं लाकूड कापतायत.

तरी दोघांचं चाललं होतं बरं. हंसाबेन आल्या की मर्सीबाय सगळे बोंबील वाळवणावरून उचलून शेजाऱ्याच्या माळ्यावर लपवायच्या, आणि हंसाबेन ते सगळं नाकानं ओळखून काही न बोलता खाकऱ्यांचा डबा उघडायच्या. ग्लोरियाला दिवस गेले. आणि त्याच सुमारास सरांचा आवाज बसला.

पहिल्यांदा कुणी मनावर घेतलं नाही. सर तेव्हा निवृत्त झाले होते. आम्ही म्हटलं, वाडीत ओरडून बसला असेल. ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं, मर्सीबायची नऊ दिवसांची नोव्हेना प्रार्थना झाली. शेवटी मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरनं गळ्यात नळी घालून बघितलं आणि सांगितलं, स्वरयंत्रावर गाठ आहे. काढावी लागेल. काढली की माणूस ठणठणीत, पण आवाज राहणार नाही. सरांनी विचारलं, काहीच नाही? डॉक्टर म्हणाला, कुजबुज राहील.

"कुजबुज," सर मला म्हणाले, "म्हणजे कॉपी करणाऱ्यांची भाषा."

ऑपरेशनची तारीख मिळाली. तोपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही, अशी ताकीद मिळाली. त्या दिवशी आम्ही दोघं बावखलाच्या काठी बसलो होतो. तिथे मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलताना ऐकलं. "एक हाक शिल्लक ठेवलीय. नातवंडाचं नाव घेऊन एकदा, पूर्ण आवाजात. मग काय कापायचं ते कापू देत."

आणि सर गप्प झाले. गाव हवालदिल झालं. शाळा तर सोडाच, रस्त्यावरच्या रिक्षासुद्धा वेळा चुकायला लागल्या. सर घरात कवायतीच्या खुणांनी बोलत. दोन्ही हात पुढे म्हणजे चहा. 'विश्राम' म्हणजे झोपायला जातो. कमरेवर हात ठेवून डावीकडे झुकले म्हणजे आमटीत मीठ कमी. मर्सीबायनं बाजारातून एक शिट्टी आणून त्यांच्या गळ्यात घातली. सरांनी ती काढली आणि कोंबड्यांच्या खुराड्यावरच्या खिळ्याला टांगली.

मुलगी झाली. ग्लोरिया बाळंतपणाला माहेरीच होती. सर दवाखान्यात बाळाकडे बघत उभे राहिले, तोंड उघडलं, आणि मिटलं. हाक मारायला नाव कुठे होतं?

इथे खरी गाठ बसली. आपल्यात जशी आत्या, तशी गुजरात्यांत फोई. बाळाचं नाव फोईनं, म्हणजे हंसाबेननी, ठेवायचं, तेही सव्वा महिन्यानंतर, मुहूर्त बघून. चार मुलांनी साडीची चार टोकं धरून झोळी करायची, त्यात बाळाला झुलवायचं आणि फोईनं नाव घ्यायचं. सरांच्या गावच्या रिवाजानं बघावं तर पहिल्या मुलाच्या नावावर हक्क बापाच्या घराचा. म्हणजे दोन्हीकडून विचार केला तरी आईच्या बापाला मत नाही. आणि ऑपरेशन सव्वा महिन्याच्या आत.

सर हंसाबेनना हे सांगणार कसं? आणि सांगणार का? मर्सीबायला त्यांनी खुणेनं बजावलं होतं की माझ्या गळ्याची दया नको. त्यांनी फक्त एक केलं. फोननं हंसाबेनना निरोप पाठवायला लावला की नाव फिलोमिना ठेवावं. सरांच्या आईचं नाव. पलीकडून निरोप आला, ध्वनी ठेवायचं. कुजबुजणाऱ्या बाईनं ध्वनी सुचवावं, आणि मुक्या झालेल्या माणसानं त्यावर पाय आपटावा, असं ते भांडण सुरू झालं.

शेवटी एका रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर हंसाबेन वलसाडहून गासला आल्या. त्यांना कुणी बोलावलं, कुणी काय सांगितलं, हे तेव्हा कळलं नाही. मर्सीबाय केळफूल सोलत बसल्या होत्या आणि मान वर करत नव्हत्या, एवढं मात्र मी पाहिलं.

बाळ चिकूच्या सावलीत, साडीच्या पाळण्यात झोपलं होतं. हंसाबेननी पायरीवर बसून आपली कसोटी सांगितली. आम्ही सगळे पुढे झुकलो. त्या म्हणाल्या, "नाम तो ऊंघता बाळकना कानमां कहेवानुं." नाव झोपलेल्या बाळाच्या कानात सांगायचं. बाळ जागं झालं तर नाव नापास. कारण नाव सगळ्यात जास्त वेळा घेतलं जातं ते कुशीत. लांबून हाक मारायला पोरगी काय म्हैस आहे?

सरांनी हात हवेत फेकले. म्हणजे, अनंत शिवराम साटम, हिला आपली कसोटी सांग. मी सांगितली. हंसाबेन म्हणाल्या, बरं, दोन्ही करू. जे नाव बगळे उडवील आणि बाळ उठवणार नाही, ते आपलं.

मग त्या वाडीत जे झालं ते जगात दुसरीकडे झालं असेल असं मला वाटत नाही. सर बावखलाच्या पलीकडे पंच म्हणून उभे, कानामागे हात. अलीकडे मी आणि चिंतन, हाका मारायला. चिकूखाली हंसाबेन, बाळाच्या कानाशी. आधी फिलोमिना. मी छाती भरून हाक मारली. सरांच्या आईचं नाव, शेवटी आ, पोटात ओ. दोन बगळे उडाले. सरांचा चेहरा उजळला. तिकडे हंसाबेननी तेच नाव हळूच बाळाच्या कानात म्हटलं. पण फि म्हणताना गरम चहावर मारावी तशी फुंकर बाळाच्या गालावर बसली. बाळ शिंकलं, उठलं, आणि त्यानं आजोबांची आठवण होईल असा सूर लावला. त्याला पुन्हा झोपवायला ग्लोरियाला अर्धा रविवार लागला.

मग ध्वनी. बाळ ढिम्म. हंसाबेन हसल्या. चिंतननं हाक मारली. ती केळीच्या तिसऱ्या ओळीत अडकून बसली. सरांनी दोन्ही हात छातीवर फुली करून वर नेले. नापास. मग बर्नाडेट आली, जागृती आली, आंजेलीना आली, ऋजुता आली. नको नको ती नावं आली. चिंतनच्या ऑफिसमधल्या एका बाईचं नावसुद्धा येऊन गेलं, आणि ग्लोरियानं त्याची स्वतंत्र चौकशी केली. माझा घसा गेला, चिंतनचा गेला. बगळे आम्हाला इतके सरावले की काही तर हाक ऐकायला फांदीच्या टोकाला येऊन बसले.

ऊन उतरायला लागलं. कुणाकडे नाव उरलं नाही. हंसाबेन पाळण्याची दोरी हलवत बसल्या होत्या. त्यांची नजर समोरच्या वाडीवर गेली. केळीच्या पानांवरून, पानवेलींवरून, बावखलावरच्या शेवाळावरून, सगळीकडून हिरवा रंग नुसता ओसंडत होता. स्वतःशीच त्या म्हणाल्या, "केवी लीली वाडी छे." लीली म्हणजे हिरवी. भरलेल्या घराला आमच्यात असंच म्हणतात, असं त्यांनी ग्लोरियाला सांगितलं.

तेव्हा मर्सीबाय, ज्यांनी सकाळपासून तोंड उघडलं नव्हतं, केळफुलावरून मान न उचलता म्हणाल्या, "लिली आमच्या चर्चमधल्या अल्तारावर असते. पांढरी. हे नाव काय वाईट आहे?"

हंसाबेन वाकल्या आणि बाळाच्या कानात म्हणाल्या, "लीली." बाळानं झोपेत ओठ हलवले, दूध प्यायल्यासारखे, आणि झोपून राहिलं. एक कसोटी पार पडली.

मी पलीकडे बघितलं. ग्लोरियानं ओरडून सरांना नाव सांगितलं होतं. सरांनी मान हलवली आणि दोन बोटांत काहीतरी बारीक धरल्याची खूण केली. ई. सुतळी. पोचणार नाही. मी हाक मारायला गेलो तर माझ्या घशातून फक्त हवा आली. चिंतनचंही तेच. सर काठावर उभे होते. त्यांनी एकदा बगळ्यांकडे बघितलं, एकदा पाळण्याकडे. मग त्यांनी टाचा जुळवल्या.

ग्लोरियाच्या लक्षात आलं तशी ती उठली. "सर, नाही. डॉक्टरांनी सांगितलंय." ती धावणार, तेवढ्यात हंसाबेननी तिचं मनगट धरलं.

"बोलवा दे एमने," त्या म्हणाल्या. "फोई हुं छुं. मुहूर्त हुं जोई लईश."

बोलू दे त्यांना. फोई मी आहे, मुहूर्ताचं मी बघून घेईन. त्यांनी हे इतक्या ठामपणे म्हटलं की पुढे न झुकताही आम्हाला ऐकू आलं. मर्सीबायनं त्यांना सगळं सांगितलं होतं तर.

आणि सरांनी हाक मारली.

"लीऽऽऽऽलीऽऽऽऽ"

सिद्धांत गेला बावखलात. ती ई तुटली नाही. ती तारेसारखी ताणली गेली आणि पाण्यावरून, केळीवरून, पानवेलींवरून निघून गेली. जांभळावरचे सगळे बगळे एका झपाट्यात वर गेले, आभाळ पांढरं झालं. शेजारच्या वाडीतले बगळे उडाले. आमच्याशी काही संबंध नसलेले कावळेसुद्धा उडाले. माळ्यावर लपवलेले बोंबील खाली पडले म्हणतात. अर्नाळ्याच्या बाजूला त्या दिवशी काही होड्या विनाकारण परत आल्या, हे मात्र मी नंतर चौकशी करून आलोय. कोळ्यांनी सांगितलं.

बाळानं डोळे उघडले. रडलं नाही. मान वळवली, बावखलाच्या दिशेला.

मी मनात म्हटलं, संपलं, बाळ उठलं, नाव नापास. हंसाबेननी त्याच्या कपाळावर हात ठेवला. "जागी नथी," त्या म्हणाल्या. "जवाब आप्यो." जागी नाही झाली, उत्तर दिलं तिनं.

सर तिकडे उभेच होते. हाक संपली तरी तोंड उघडंच होतं, जणू आणखी काही उरलंय का ते बघत होते. मग त्यांनी ते मिटलं.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं आणि नीट झालं. नंतर विरारच्या फ्लॅटमध्ये झोळी झाली, चार पोरांनी साडीची टोकं धरली आणि फोईनं मुहूर्तावर, पहिल्यांदाच घेतेय असा चेहरा करून ते नाव घेतलं. मग चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला. तिथे सर पहिल्यांदाच आत, पहिल्या बाकावर उभे होते, आणि एकही मेणबत्ती विझली नाही. फादरना ते बघवलं नाही असं ते मला म्हणाले.

आता सर आणि हंसाबेन भेटले की एकमेकांच्या कानाशी लागून तासन्‌तास बोलत बसतात. काय बोलतात ते ब्रह्मदेवालाही ऐकू जात नाही. मर्सीबायचा संशय असा की दोघं मिळून तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवतात.

परवा रोहनच्या लग्नाची पत्रिका द्यायला वाडीवर गेलो होतो. सर अंगणात खुर्चीत बसले होते, गळ्याला मफलर. मला बघून ओठ हलले. मी जवळ जाऊन कान लावला. "अनंत शिवराम साटम," ते म्हणाले. पूर्ण. एकही शब्द गाळलेला नाही. मग पत्रिकेवरचं 'रोहन' बोटानं दाखवून पास झाल्याची खूण केली.

लीली बावखलाच्या पलीकडे, केळीतल्या चिखलात बसली होती. अडीचेक वर्षांची, आणि कोपरापर्यंत काळी. मर्सीबायनं आतून विचारलं, पोरगी कुठे आहे, जेवायला बोलवा. खुराड्यावरच्या खिळ्याला शिट्टी अजून लटकत होती, गंजलेली. सरांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते उठले, आणि चालायला लागले.

मी बघत राहिलो. अंगण, मग पानवेली, मग काठाकाठानं पूर्ण वळसा. सावकाश. ज्यानं उभ्या जन्मात नुसतं नाव पाठवलं, तो माणूस स्वतः निघाला होता. पोचले, गुडघे धरून चिखलात उकिडवे बसले, आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन ते दोन अक्षरांचं नाव सांगितलं. तिनं कान खाजवला, हसली, आणि बोट धरून निघाली.

अर्ध्या वाटेवर तिला काहीतरी आठवलं. बोट सोडून ती उलटी पळाली, चिखलात राहिलेली चप्पल शोधायला. सर पुढे येऊन काठावर थांबले. केळीच्या आडून चप्पल मिळाली, पण आजोबा दिसेनात. तेव्हा त्या वीतभर पोरीनं मान मागे टाकली, छाती भरून घेतली आणि तोंड उघडलं.

"बावतीऽऽऽस सऽऽऽर"

जांभळावरचे बगळे एकदम वर गेले. माझ्या हातातल्या पत्रिका खाली पडल्या. आतून मर्सीबाय हातात पळी घेऊन धावत बाहेर आल्या आणि दारातच थांबल्या.

काठावर सर ताठ उभे राहिले. त्यांनी टाचा जुळवल्या आणि उजवा हात सरळ वर केला. कोपर कानाला टेकलेलं होतं.